बेघर व्यक्तींच्या मृत्यूंच्या सरकारी नोंदी माहिती अधिकारात नेमक्या कोणाकडे मागाव्यात?

निवारा_अभ्यास (प्रश्न):

नमस्कार. शहरातील रात्र निवाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या गटाने महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करून गेल्या पाच वर्षांत किती बेघर व्यक्तींचा मृत्यू झाला, कोठे झाला आणि कशामुळे झाला, अशी विचारणा केली होती. 'अशी माहिती या कार्यालयात संकलित केली जात नाही' असे जनमाहिती अधिकाऱ्यांनी एका ओळीत कळवले. तोच मजकूर पोलीस ठाण्याकडे पाठवला, तेव्हा 'निरंक' एवढाच शब्द आला. 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर मोजले गेले होते. त्यांच्यापैकी कोणी आमच्या शहरात पाच वर्षांत मेलेच नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा? अपील करावे की अर्जच बदलावा, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_नोंदणी_लिपिक:

जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे तिकडची बाजू सांगतो. महापालिकेचे उत्तर तुम्हाला उडवाउडवीचे वाटले असेल, पण कायद्याच्या चौकटीत ते बसते. सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात 2011 मध्ये स्पष्ट केले आहे की जी माहिती कार्यालयाकडे नाही आणि जी ठेवण्याचे त्याच्यावर कायद्याने बंधनही नाही, ती गोळा करून, तिचे तक्ते बांधून देण्याची जबाबदारी जनमाहिती अधिकाऱ्यावर येत नाही. मृत्यूच्या नोंदीत नाव, लिंग, वय, मृत्यूचे ठिकाण, कायमचा पत्ता असे रकाने असतात. मयत व्यक्ती बेघर होती की नव्हती, असा रकानाच नाही. पत्ता मिळाला नाही तर ती जागा कोरी राहते, किंवा जिथे मृतदेह सापडला तेच ठिकाण पत्ता म्हणून चढते. म्हणून 'किती' असे विचारू नका. जी नोंदवही अस्तित्वात आहे, तीच मागा.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मधील कलम 8 नुसार सार्वजनिक ठिकाणी बेवारस सापडलेल्या मृतदेहाची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी शहरात पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर असते. पोलीस ठाण्याकडून आलेल्या मृत्यूच्या खबरी वेगळ्या काढता येतात, आणि तुमच्या कामाच्या नोंदी बहुतांशी त्यातच सापडतील. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण दाखवले जात नाही, त्यामुळे कारणासाठी या टेबलावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कलम_एकोणीस:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण पोलिसांचे 'निरंक' मी इतक्या सहज सोडले नसते. रस्त्यावर किंवा पुलाखाली मृतदेह सापडला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि पंचनामा होतो. पूर्वी हे काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होत असे, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. या नोंदी एकदा डोळ्यांनी पाहाव्यात. 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय 45 ते 50, फिरस्ता, अंगात निळा चौकडीचा शर्ट, उजव्या हातावर गोंदण' अशा धाटणीचा मजकूर तेथे असतो. तुम्ही 'बेघर' म्हणून विचारले आणि वहीत 'फिरस्ता', 'भिक्षेकरी' किंवा 'रा. माहीत नाही' लिहिलेले असले, तर ठाणे अंमलदार बिनधास्त 'निरंक' कळवतो आणि त्याच्या हिशेबाने तो खोटेही बोललेला नसतो.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळे एकाच अर्जात कोंबू नका. पोलीस आयुक्तालयाकडे एक, महापालिकेच्या नोंदणी विभागाकडे दुसरा, आणि लोहमार्ग पोलिसांकडे तिसरा अर्ज करा. हा तिसरा अर्ज हमखास राहून जातो. फलाटावर किंवा रुळांलगत झालेले मृत्यू शहर पोलिसांच्या वहीत येतच नाहीत, आणि मोठ्या शहरांत निवारा नसलेली किती माणसे स्थानकाच्या आसऱ्याने राहतात हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक अर्जात माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 2(ञ) नुसार नोंदवहीचे अवलोकन, म्हणजे कार्यालयात जाऊन ती स्वतः पाहणे, मागा. प्रतींचा ढीग मागितला की 'साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागेल' हे कलम 7(9) चे कारण पुढे येते.

'चौकशी सुरू आहे' असे म्हणून माहिती नाकारण्यासाठी त्याच अधिनियमाचे कलम 8(1)(ज) दाखवले गेले, तर दिल्ली उच्च न्यायालयाचा भगत सिंग प्रकरणातील 2007 चा निर्णय जोडा. नुसती चौकशी चालू असणे पुरेसे नसून माहिती दिल्याने तिला अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे त्यात म्हटले आहे. मूळ उत्तर मिळून 30 दिवस उलटले नसतील तर पहिले अपीलही करून ठेवा. 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

साथरोग_टिपणे:

नोंदी मिळतील, पण त्यावरून काय म्हणता येईल याबद्दल थोडे सबुरीने घ्यावे. अनोळखी मृतदेह म्हणजे बेघर व्यक्ती, हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकते. घरातून निघून गेलेला वृद्ध किंवा दुसऱ्या राज्यातून आलेला मजूर अनोळखी ठरू शकतो. उलट वर्षानुवर्षे एकाच पदपथावर राहणाऱ्या माणसाचे नाव शेजारचा पानवाला सांगतो, मृतदेहाची ओळख पटते आणि तो तुमच्या यादीतून निसटतो. दिल्लीत झिपनेट या पोलिसांच्या संकेतस्थळावरील अनोळखी मृतदेहांच्या यादीवरून थंडीतील बेघर मृत्यूंचे आकडे मांडले जातात, आणि दर हिवाळ्यात त्यावर हाच आक्षेप येतो. आक्षेप रास्त आहे, पण त्याचा आधार घेऊन मोजणीच नाकारणे मला पटत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्येही मृत्यूच्या नोंदीत बेघर असा रकाना नव्हता. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने नोंदीतील पत्त्याच्या जागी 'कायमचा पत्ता नाही' असे शब्द किंवा निवाऱ्याचे नाव कुठे आहे ते शोधले, निसटलेल्या मृत्यूंसाठी सांख्यिकी पद्धतीने अंदाज बांधला आणि 2017 सालासाठी 597 मृत्यूंचा आकडा डिसेंबर 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात थंडीने आणि उष्माघाताने झालेल्या मृत्यूंचे आकडे असतात, मात्र ती माणसे कुठे राहत होती हे त्यावरून कळत नाही.

कारणासाठी शवविच्छेदनाच्या नोंदी पाहाव्या लागतील. तेथे बरेचदा 'व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतील अवयवांचे नमुने) राखून ठेवला, अभिप्राय प्रलंबित' असे असते, आणि अंतिम अभिप्राय आल्यावर तो नोंदणीच्या टेबलापर्यंत पोहोचतोच असे नाही. क्षयरोगाने मेलेला आणि थंडीने मेलेला माणूस मग कागदावर सारखेच दिसतात.

निवारा_अभ्यास:

सर्वांचे आभार. एक शंका उरते. वैयक्तिक माहितीचे कारण दाखवून नोंदवही दाखवायलाच नकार दिला तर काय करावे? आम्हाला नावे नकोच आहेत.

कलम_एकोणीस:

तसे होण्याची शक्यता आता वाढली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 ने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीबाबतचे कलम 8(1)(ञ) बदलले, आणि पूर्वी त्याच कलमात असलेली व्यापक जनहिताची कसोटी तेथून गेली. कलम 8(2) मात्र शाबूत आहे, त्यामुळे जनहिताचा मुद्दा त्याखाली मांडता येतो. त्याहून सोपा मार्ग कलम 10 चा आहे: नाव, छायाचित्र आणि नातेवाइकांचा तपशील झाकून उरलेला भाग द्यावा, असे अर्जातच लिहा. मृतदेहाचे छायाचित्र आणि अंगावरील खुणा ओळख पटवण्यासाठी पोलीस स्वतःच जाहीर करतात, आणि त्याच मृत्यूची तारीख व ठिकाण मागितले की ती खासगी बाब ठरते, ही विसंगती अपिलात अवश्य नमूद करा.

जुना_नोंदणी_लिपिक:

अवलोकनाला जाताना दोघे जा, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. तारीख, ठिकाण, अंदाजे वय, लिंग आणि राहण्याबाबत वहीत जसे शब्द असतील तसेच उतरवून घ्या. 'फिरस्ता' असेल तर 'फिरस्ता' लिहा, तेथेच बसून त्याचे 'बेघर' करू नका. मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख हे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. पोलिसांची खबर उशिरा येते, आणि डिसेंबरमधला मृत्यू पुढच्या वर्षाच्या वहीत गेलेला असू शकतो.