बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण २१ मधलं स्वर्गीय नगर नक्की काय आहे?

वाचनवेडा: २१वा अध्याय वाचतोय, नवं यरुशलेम स्वर्गातून खाली उतरतं आणि लांबी रुंदी उंची सगळं सारखं, १२,००० स्टेडिया म्हणे. मूळ ग्रीकमध्ये हे खरंच शहर आहे का? एवढं उंच शहर डोक्यात बसत नाहीये राव.

पेन्शनर_काका: ग्रीकमध्ये साधा 'पोलिस' शब्द आहे, अथेन्सला लावायचे तोच, म्हणजे नुसत्या इमारती नाहीत, तिथले नागरिकही त्यात आले. स्टेडियन साधारण १८५ मीटर धर, एक बाजू २,२०० किमीच्या वर जाते, आता बोल!

उंबरठा: मोजमापात अडकू नकोस. शलमोन राजाच्या यरुशलेममधल्या मंदिरातलं परमपवित्र स्थान, म्हणजे गाभारा, लांबी रुंदी उंचीला २०-२० हात होतं, बायबलमध्येच १ राजे ६:२० बघ, म्हणजे इथे अख्खं शहरच गाभारा झालंय, म्हणून तर २२व्या वचनात सरळ म्हटलंय की आत मंदिर दिसलं नाही.

वाचनवेडा: अरे हां, आणि त्याआधी नगरालाच वधू म्हटलंय, मग नगर म्हणजे माणसंही हे काकांचं पटतंय. पण भिंत १४४च हात का?

उंबरठा: १२ गुणिले १२. वेशींवर इस्राएलच्या बारा वंशांची नावं, भिंतीच्या पायाच्या दगडांवर येशूच्या बारा प्रेषितांची. १४४ हात ही भिंतीची उंची की जाडी यावर मात्र लोक अजून भांडतात 😄