जुनी एमएक्स-५: ब्रेकचं काम घरी करावं की गॅरेजलाच द्यावं?

कृष्णाकाठचा:
मंडळी, माझ्याकडे २००१ ची माझदा एमएक्स-५ आहे, दोन सीटची, छत उघडणारी छोटी गाडी, दुसऱ्या पिढीतली, १.८ लिटर. इंग्लंडात रीडिंगला राहतो, गाडी घेऊन चार वर्षं झाली. मागच्या ब्रेकचे पॅड आणि ते ज्यांना पकडतात त्या डिस्क संपत आलेत, ब्रेक ऑइल काळं पडलंय. गॅरेजनं ३१० पाउंड सांगितले, सामान मी ९५ पाउंडात आणून ठेवलंय आणि शनिवारी घरासमोरच काम काढणार आहे. पण ज्याला सांगतो तो म्हणतो ऑइल बदल, प्लग बदल, काय पाहिजे ते कर, ब्रेकला हात लावू नको. मला हे पटत नाही आणि पैशासाठी तर अजिबात नाही.

दोन वर्षांपूर्वी मागचे पॅड मी गॅरेजातच बदलून घेतले होते. त्या पोरानं कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन क्लॅम्प लावून जोर करून आत दाबला, मी समोर उभा होतो. आता ज्यांच्याकडे पहिल्या दोन पिढ्यांची एमएक्स-५ आहे त्यांना माहितीय की मागचा पिस्टन असा दाबायचाच नसतो. कॅलिपरच्या पाठीमागे एक १४ मिलिमीटरचा बोल्ट असतो, तो नुसता झाकणासारखा आहे, तो काढला की आत ॲलन कीचा स्क्रू दिसतो, तो उलटा फिरवला की पिस्टन आपोआप मागे सरकतो. पॅड बसवले की तोच स्क्रू सुलटा फिरवायचा, चाक जाम होईपर्यंत, आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. बस. हँडब्रेकची ॲडजस्टमेंट त्याच्यातच आहे. जोर केल्यामुळे एका बाजूची आतली यंत्रणा गेली आणि पुढच्या एमओटीला, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या गाडी तपासणीला, हँडब्रेक नापास. त्याचा जोर गाडीच्या वजनाच्या कमीत कमी १६ टक्के लागतो, तेवढाही भरला नाही. दोन्ही कॅलिपर बदलावे लागले.

म्हणून म्हणतो, माझ्या गाडीचं मॅन्युअल मी तीनदा वाचलंय, त्या पोरानं एकदाही उघडलं नव्हतं. मग जास्त सुरक्षित हात कुणाचे?

लेस्टरवासी:
दादा तुमचं दुःख कळतं, पण मी गाडीच्या आत बसणाऱ्यांच्या बाजूनं बोलते. आमच्याकडेही हीच गाडी आहे, नवरा सगळं घरी करतो. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मी पेडलवर असते, तो खालून ओरडतो दाब, मी म्हणते दाबलंय, तो निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडतो, पेडल पायाखाली हळूहळू खाली जातं, तो म्हणतो धरून ठेव, आवळतो, मग सोड. एक चाक झालं की दुसरं, तास दीड तास. हे सगळं तो नीट करतो, माझा त्याच्यावर विश्वास आहे.

तरीही मागच्या उन्हाळ्यात एम वन मोटरवेवर मागून ठकठक आवाज यायला लागला. मी एकटीच होते. पहिल्या एक्झिटला उतरले, पेट्रोल पंपावर थांबले, बघते तर डाव्या मागच्या चाकाचे दोन नट हातानं फिरतायत! मध्येच फोन आला म्हणून तो उठला होता आणि परत आल्यावर त्याला वाटलं हे चाक झालंय. त्याला काम येत नव्हतं असं नाही, तो थकला होता आणि बघणारं दुसरं कुणी नव्हतं. ऑइल चुकलं तर इंजिन जाईल, ब्रेक चुकला तर माणूस जाईल, आणि ते आपलंच असेल असंही नाही, झेब्रा क्रॉसिंगवरून जाणारं कुणाचं तरी पोर असेल.

पानशेत:
ताई, नट ढिले राहणं हा ब्रेकचा प्रश्नच नाही, पंक्चरचं चाक बदललं तरी ते होईल. मग पंक्चरलाही गॅरेजात जायचं का? टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना, घ्या, १०० ते ११० न्यूटन मीटरला आवळा, नटावर मार्करनं रेघ मारा, ५० मैल चालवून परत तपासा. मी कृष्णाकाठच्याच बाजूचा आहे. उलट घरी काम करणाऱ्याला जे दिसतं ते गॅरेजला कधीच दिसत नाही, कारण तिथं घड्याळ चालू असतं. माझ्या गाडीचे मागचे सिल, म्हणजे दाराखालचा पत्रा, सडायला लागलेत हे मला चाक काढून बसलो तेव्हा कळलं. छताचं पाणी सीटच्या मागच्या कोपऱ्यातल्या नळ्यांतून खाली जातं, त्यात पानं अडकली की पाणी सिलमध्ये साठतं आणि पत्रा आतून खातो. वरून रंग एकदम चकाचक. आता दर शरद ऋतूत तांब्याभर पाणी ओततो आणि मागच्या चाकाच्या पुढे थेंब पडतायत का ते बघतो. दोन मिनिटांचं काम आहे पण कुठल्याही सर्व्हिसच्या बिलात मला ते कधी दिसलं नाही.

जुना फिटर:
मी बत्तीस वर्षं बसच्या वर्कशॉपात काढली, सातारा जिल्ह्यात. आता मुलीकडे असतो मिल्टन कीन्सला. सगळ्यांचं वाचलं.

पोरांनो, काम कुणाला येतं हा मुद्दाच नाही. आमच्याकडे माझ्यापेक्षा हुशार फिटर होते, डोळे मिटून ब्रेक उघडायचे. तरी नियम एकच, ज्यानं ब्रेक बांधला त्यानं तो पास करायचा नाही. दुसऱ्यानं यायचं, बॅटरी मारून बघायचं, मग गाडी बाहेर. कारण आपण जे केलं ते आपल्याला बरोबरच दिसतं. लेस्टरच्या ताईंनी सांगितलं ते हेच आहे आणि पानशेत, तुम्ही ते पंक्चरवर नेऊन ठेवलंत, हे बरोबर नाही.

आणि तुम्ही सगळे पॅडचं बोलताय, खरी भीती ऑइलची आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ ह्या प्रतीचं नवीन ब्रेक ऑइल निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेलं १५५ पर्यंत येतं. घाटात सारखा ब्रेक दाबला की तापतं, वाफ होते आणि पेडल एकदम जमिनीला. घराच्या गल्लीत मारून बघितलं तर सगळं मस्त लागणार. वर्षभरापूर्वी उघडलेला अर्धा डबा कपाटात असतो, तो वापरू नका. आणि वीस वर्षांच्या गाडीचा निपल, इथल्या रस्त्यावरच्या मिठानं गंजलेला, पान्याखाली तुटला तर रविवारी संध्याकाळी काय करणार आहात? म्हणून माझं मत, पॅड घरी बदला, ऑइल गॅरेजला.

कृष्णाकाठचा:
काका, नमस्कार. निपलचं एकदम मान्य, गेले चार दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवायचा स्प्रे मारतोय आणि दोन नवीन निपल आणून ठेवलेत. डबाही नवीन, सीलबंद. पण तुमचा नियम मला उलटा माझ्या बाजूचा वाटतो. ज्यानं बांधलं त्यानं पास करायचं नाही, बरोबर, पण त्या गॅरेजात तरी दुसऱ्यानं कुठं बघितलं? एका पोरानं केलं, त्यानंच चाक लावलं, त्यानंच किल्ली दिली. तुमच्या वर्कशॉपात होती ती शिस्त मला ३१० पाउंडात मिळत असती तर मी आनंदानं दिले असते. मिळत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप.

मिल्टनकर:
ह्यावर एक साधा उपाय आहे, मी दोन वर्षं करतोय. काम घरी करा आणि ओळखीच्या एमओटीवाल्याकडे रोलरवर चाकं फिरवून ब्रेक टेस्ट करून घ्या. पूर्ण एमओटी लावली तरी जास्तीत जास्त ५४.८५ पाउंड. २००१ च्या गाडीला मेन ब्रेक ५० टक्के लागतो. चारही चाकांचे आकडे दिसतात, डावं उजवं किती फरक आहे ते कळतं. फक्त तिथपर्यंत गाडी हळू न्या आणि आधी गल्लीत पाच दहा वेळा थांबवून बघा.

लेस्टरवासी:
मिल्टनकर, रोलरवर ब्रेक किती धरतो ते कळतं. कॅलिपरचा बोल्ट पुरता आवळलाय की नाही ते कळत नाही. मी अजूनही गॅरेजच म्हणते, फक्त चांगलं गॅरेज शोधा, ह्या गाड्या रोज बघणारं. आहेत तशी, थोडं लांब जावं लागतं. आम्ही आता ४० मैल जातो, तिथला माणूस स्वतः ह्याच गाडीचा मालक आहे आणि काम झाल्यावर खाली वाकून दाखवतो काय काय केलं ते.

पानशेत:
४० मैल लांब आणि तीन आठवड्यांची वेटिंग. सगळ्यांना ते जमत नाही ताई. ही गाडी १९८९ ला आली तेव्हाच साधी, हलकी, ज्याच्यात पाना घालायला जागा आहे अशी होती म्हणून तर लोकांनी इतकी वर्षं टिकवली. ह्या गाडीचंही काम घरी करायचं नाही तर मग कुठल्या गाडीचं करायचं?

जुना फिटर:
कृष्णाकाठ, गॅरेजबद्दल म्हणालात ते खरं आहे, माझ्याकडे त्याला उत्तर नाही. तरी ऑइलबद्दल माझं मत तेच.

करणारच असाल तर एवढं ऐका. जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, दोन्ही बाजूला ॲक्सल स्टँड, आणि काढलेलं चाक सिलखाली आडवं सारून ठेवा. कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेनं स्प्रिंगला बांधा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका. हवा काढताना ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी सारखी बघा, ती खाली गेली की परत हवा आत आणि सगळं पहिल्यापासून.

आणि फोन बंद ठेवा. नाही, थांबा, चालू ठेवा. मी शनिवारी घरीच आहे. चाक लावायच्या आधी मला व्हिडिओ कॉल करा, चाक लावल्यावर नाही. कॅमेरा कॅलिपरच्या मागे न्या, उजेड मारा, प्रत्येक बोल्टला पाना लावून दाखवा.

कृष्णाकाठचा:
काका, अकरा वाजता करतो. पहिलं डावं चाक.

लेस्टरवासी:
फिटरकाका, पुढच्या वेळी आमच्याकडेही बघाल का?