कलप कायमचा बंद, मार्गशीर्षात मुलीचं लग्न: दोन रंगांच्या केसांचं काय करू?

वृंदा_नौपाडा
मी ५३ वर्षांची, ठाण्यात पतपेढीत कामाला. वर्षानुवर्षं घरीच कलप लावत आले. या पावसाळ्यात लावला तेव्हा कानामागे चट्टे उठले, आणि दुसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी निघाली. ती आता जन्माची सोबतीण, कलप बंद.

तेव्हापासून मुळाशी दोन बोटं पांढरं आणि खाली काळं-तांबूस असं डोकं घेऊन काउंटरवर बसते. खातेदार विचारतात, "मॅडम, बरं नाही का?" त्यांचं काही वाटत नाही. अडचण घरातली आहे. मिस्टरांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे सगळे धरून चाललेत की मी स्वतःकडे बघायचंच सोडलं. जाऊबाई म्हणतात, "विहिणीशेजारी उभं राहायचंय, त्या दिवसापुरतं तरी डोकं काळं कर."

मला मात्र हे केस आवडायला लागलेत. भांगाच्या उजवीकडे कपाळालगत एक पट्टा अगदी शुभ्र आलाय. माझ्या आईचाही नेमका तिथेच होता. ती पांढऱ्या अंबाड्यावर आबोली माळायची. मलाही लग्नात गजरा माळायचा आहे. तो विषय काढला की घरात सगळे एकदम गप्प होतात.

मध्यंतरीचे हे दोन रंग कसे निभवायचे? आणि कोणी अशा केसांनी घरच्या कार्यात उभं राहिलंय का?

रोहित_ऐरोली
काकू, एका दिवसाचा प्रश्न आहे. बाजारात पीपीडी नसलेले कलप मिळतात, तो लावा आणि नंतर हवं ते करा. लग्नघरात कशाला वाद?

पार्लरवाली_कोपरखैरणे
रोहित, असा सल्ला देऊ नका हो. पीपीडी नसलेल्या बऱ्याच कलपांत त्याच जातकुळीचं दुसरं रसायन असतं. ज्यांना पीपीडी चालत नाही त्यांच्यातल्या पुष्कळांना तेही चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

वृंदाताई, "काळी मेंदी" म्हणून जे मिळतं त्यातही बहुधा पीपीडीच असतं. निव्वळ मेंदी पांढऱ्यावर भगवी चढते, ती तुम्हाला नको असणार. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: लग्नात हातावर काढायची मेंदी. झटपट काळा रंग देणारे कोन येतात, त्यांना हात लावू देऊ नका. मेंदीवालीला आधीच बजावून ठेवा.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला दोन-अडीच वर्षं. तेवढं थांबायचं नसेल तर कापणे हाच उपाय. मी असते तर आत्ता मानेपर्यंत कापले असते आणि लग्नाच्या आठवडाभर आधी टोकं पुन्हा सारखी केली असती. मधली रेघ पुसट दिसावी म्हणून सरळ भांग सोडून तिरका पाडा. ब्लीच करून सगळं एकसारखं करून देतो असं कोणी म्हणालं तर सध्या नको, डोक्याची कातडी नुकती शांत झालीय. आखूड केसांतही गजरा बसतो, मागे दोन्हीकडून बटा घेऊन पिना लावायच्या.

कळव्याचा_कारागीर
ताई, आमचं पिढीजात सलून आहे, म्हणून लिहितो. १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन यापुढे करायचं नाही असं ठरलं. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंड्यांचा, जोतीरावांचे सहकारी आणि जन्माने ठाणेकर. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे तेच. आमच्या धंद्यातल्या माणसांनी पोटावर पाय येणार हे माहीत असून वस्तरा खाली ठेवला, याचा मला फार अभिमान आहे.

नवरा गेला की बाईच्या डोक्याचं काय करायचं हे तेव्हा चार लोक ठरवायचे. आज तेच चार लोक म्हणतात काळं कर. ठरवणारे बदलले नाहीत. तुम्ही गजरा माळा.

वृंदा_नौपाडा
दादा, लोखंडे ठाण्याचे हे मला माहीतच नव्हतं. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गजरा मीच माळणार, काकूशी मी बोलते.

जाऊबाईंशी मीही बोलले. पापण्या कशा सुजल्या होत्या त्याचे मोबाईलमधले फोटो दाखवले, तेव्हा त्या जरा नरमल्या. गजऱ्यावर अजून अडून आहेत. त्यांना एवढंच सांगितलं की हे असते तरी मी असंच केलं असतं. ते गेले म्हणून पांढरे ठेवत नाहीये, म्हणून लपवणारही नाहीये.

रोहित, राग नाही, तुम्ही काळजीनेच लिहिलंत.

कोपरखैरणेच्या ताई, मेंदीच्या कोनाचं बरं झालं सांगितलंत, मी तशीच काढून घेतली असती. शनिवारी मी लवकर सुटते, ट्रान्सहार्बर लोकलने थेट येता येईल. मानेपर्यंत कापायचे नक्की केलंय. तुम्हाला कोणती वेळ सोयीची आहे?