मदत हवी आहे: टी-सेल रिसेप्टरचं मॉडेल नव्या पेप्टाइडवर आपटतंय

सांगली_बायोइन्फो
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी व्हीडीजेडीबी या रिसेप्टरांच्या डेटाबेसमधून एचएलए-ए*०२:०१च्या (पेशीवर पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, दाखवणाऱ्या प्रथिनाचा एक प्रकार) रिसेप्टरांच्या बीटा साखळ्या घेतल्या. सीडीआर३ (साखळीचा पेप्टाइडला भिडणारा भाग) आणि पेप्टाइड यांची जोडी जुळते का, हे सांगणारं मॉडेल केलं. खऱ्या एका जोडीमागे पाच खोट्या, पेप्टाइडं आलटून-पालटून बनवलेल्या. प्रशिक्षण आणि चाचणी अशी ८०:२० वाटणी. एयूसी (ओळख किती बरोबर याचं माप, ०.५ म्हणजे नुसता अंदाज) ०.९१ येतो, पण प्रशिक्षणात नसलेलं पेप्टाइड दिलं की थेट ०.५२.
शिवाय मिक्ससीआर या सॉफ्टवेअरचे सीडीआर३ आयएमजीटी या प्रमाण क्रमांकनाच्या सीडीआर३शी जुळत नाहीत, दोन अक्षरं (अमिनो आम्लं) जास्त येतात. आणि निवडलेला रिसेप्टर भलत्याच प्रथिनाला धरणार नाही ना, हे संगणकावर कितपत कळतं? १६ जीबी रॅम आहे, जीपीयू नाही.

कोयनाकाठ
आधी दोन अक्षरांचं मिटवा. मिक्ससीआर जागा १०४ (सिस्टीन) ते ११८ धरतं, आयएमजीटीचा सीडीआर३ १०५ ते ११७. टोकांसकटच्या तुकड्याला तिकडे जंक्शन म्हणतात, तोच रकाना घ्या. टोकं हाताने चिकटवू नका. शेवटी बहुतेकदा फेनिलअ‍ॅलनिन असलं तरी काही अल्फा साखळ्यांत ट्रिप्टोफॅन असतं.

०.९१ हा आकडा फसवा आहे. जवळजवळ सारखे रिसेप्टर प्रशिक्षणात आणि चाचणीत दोन्हीकडे गेलेत, त्यामुळे मॉडेलने पाठांतर केलंय. टीसीआरडिस्टने (रिसेप्टरांतलं साम्य मोजणारं साधन) गट पाडा आणि अख्खा गट एकाच बाजूला ठेवा. व्हीडीजेडीबीतल्या स्कोअर ०च्या (सर्वांत कमी खात्रीच्या) नोंदी चाचणीतून काढा. खोट्या जोड्या आलटून-पालटून केल्यात ते बरं केलंत. त्या निरोगी दात्यांच्या वेगळ्या डेटातून आणल्या असत्या, तर मॉडेल डेटा कुठून आला एवढंच ओळखायला शिकलं असतं.
०.५२ मात्र एकट्या तुमच्या मॉडेलचं दुखणं नाही. न पाहिलेल्या पेप्टाइडवर आजची साधनं बहुतेक तिथेच अडकतात. म्हणून प्रबंधात दावा ओळखीच्या पेप्टाइडांपुरताच ठेवा आणि अल्फा-बीटा दोन्ही असलेल्या नोंदी वेगळ्या तपासा.

वाईकर_प्रथिने
भलत्या प्रथिनाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मेज-ए३ या कर्करोगपेशींतल्या प्रथिनाविरुद्ध बंधनक्षमता वाढवलेल्या रिसेप्टरने दोन रुग्ण दगावले, कारण तो हृदयस्नायूतल्या टायटिनलाही धरत होता. दोन्ही पेप्टाइडं एकाखाली एक लिहून पाहा (वर मेज-ए३चं, खाली टायटिनचं):

ई-व्ही-डी-पी-आय-जी-एच-एल-वाय
ई-एस-डी-पी-आय-व्ही-ए-क्यू-वाय

नऊपैकी चार अक्षरं वेगळी. म्हणजे 'तीनपर्यंत फरक चालेल' असा शोध लावला असता तर टायटिन निसटलंच असतं. फरक मोजून भागत नाही. कोणत्या जागी कोणतं अक्षर रिसेप्टरला चालतं, ते हवं. पूर्ण तपासणीला (प्रत्येक जागी बाकीची १९ अक्षरं बदलून) ९ × १९ = १७१ पेप्टाइडं लागतात. बजेट नसेल तर अ‍ॅलनिनच्या ९ बदलांपासून सुरू करा. ज्या जागा हलत नाहीत त्यांचा साचा करा (इथे ई-एक्स-डी-पी-आय-एक्स(३)-वाय, एक्स म्हणजे कोणतंही अक्षर), तो स्कॅनप्रोसाइटने (साचे शोधणारं साधन) मानवी प्रथिनांत शोधा आणि मिळालेली यादी नेटएमएचसीपॅनमधून (पेप्टाइड एचएलएवर बसेल का, याचा अंदाज देणारं साधन) गाळा. त्याच्या रँकमध्ये (कमी म्हणजे पेप्टाइड घट्ट बसतं) २च्या आतलं सगळं ठेवा, ०.५वर कापू नका. या कामाला जीपीयू लागत नाही. पुढे पेशींवर तपासावंच लागतं. टायटिनचा धोका साध्या हृदयपेशींत दिसला नव्हता, धडधडणाऱ्या पेशींत दिसला.

सांगली_बायोइन्फो
धन्यवाद दोघांना. मिरजेतून नमुने मिळाले तर एचएलए टायपिंग (दात्याचा प्रकार ठरवणं) 'ए२' एवढंच पुरेल का?

वाईकर_प्रथिने
नाही, चार अंकी (०२:०१ असं) मागा. भारतीयांत ए*०२:११ बऱ्यापैकी आढळतो आणि ०२:०१साठी जुळवलेला रिसेप्टर तिथे चालेलच असं नाही. अमेरिकेत २०२४मध्ये मंजूर झालेल्या अफामी-सेल या रिसेप्टर-उपचारालाही ०२:०१, ०२:०२, ०२:०३, ०२:०६ चालतात. ०२:०५ असेल तर औषध देतच नाहीत.