नऊ लाखांत ऑटोमॅटिक: एएमटी घ्यावी का? (नाशिक)

नाशिकरोडकर: मंडळी, ऑन-रोड ९ लाख, वर एक रुपया नाही. रोज नाशिकरोड ते सातपूर एमआयडीसी, महिन्यातून एकदा कसाऱ्याने ठाण्याला सासुरवाडी. गाडी मी आणि बायको दोघं चालवणार. द्वारका सर्कलला क्लच दाबून दाबून गुडघा कुरकुरतोय. पेट्रोलच हवी. एएमटी (क्लच-गिअरचं काम यंत्र करतं ती) चालेल का?

घाटवाला: एएमटी विसरा. प्रत्येक गिअरला मान हलते, मागे बसलेल्याला वाटतं चालक नवशिका आहे. सरळ क्रेटा सीव्हीटी घ्या, त्यात ठरावीक गिअरच नसतात, झटका नाही.

नाशिकरोडकर: बजेट ९ आहे हो.

घाटवाला: वाचलं. गाडी एकदाच घेतो माणूस.

डिझेलभक्त_एमएच१५: डिझेल घ्या. माझी अजून कसारा चौथ्या गिअरमध्ये चढते. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं तिथेच मजा संपली.

ग्रीसचे_हात: भाऊ, रोज सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याला बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल सुचवताय? डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या फिल्टरमध्ये, साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. मुंबई नाक्याच्या गर्दीत कुठून तापणार? दिवा लागतो, लोक तसंच दामटतात, मग फिल्टरचं बिल बघून घाम फुटतो.

डिझेलभक्त_एमएच१५: आपल्याकडे डीपीएफची कटकटच नाही.

ग्रीसचे_हात: काका, तुमची बीएस४ आहे. १ एप्रिल २०२० पासून तशी नवीन गाडी विकताच येत नाही.

चार्जिंगवाली: ईव्ही घ्या, गिअरचा वादच मिटला. मी घेतली आणि सुखी आहे. पार्किंगमध्ये पॉइंट बसवायला सेक्रेटरीशी भांडावं लागलं, तो वेगळा विषय. त्यावर धागा काढणार आहे.

मिसळ_१५: पेट्रोल घ्याल, पण ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. मायलेज बोंबललं माझं. उगाच उसाचा रस गाडीत.

निफाडकर: उसाला नावं ठेवू नका. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात दोन पैसे आले. आणि मायलेजचा हिशेब करा: इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के फरक. त्यातला निम्मा तर ई१० मध्ये आधीच गेला होता. बाकीचा दोष तुमच्या उजव्या पायाचा.

मिसळ_१५: माझा पाय आणि तुमचा कारखाना दोन्ही राहू द्या.

ग्रीसचे_हात: धागाकर्ते, मूळ मुद्दा. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. म्हणून स्वस्त, आणि मायलेजही मॅन्युअलच्या जवळपास. मात्र क्लच प्लेट तीच, झिजतेच. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. नाहीतर प्लेट जळते. घाटात ओव्हरटेक करायच्या आधीच मॅन्युअल मोडला घालून एक गिअर उतरवा, त्याच्या मर्जीवर राहू नका. टेस्ट ड्राइव्ह चार माणसं बसवून, एसी लावून, पार्किंगच्या रॅम्पवर घ्या. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या गोड लागतात. तरी मला विचाराल तर दोन-तीन वर्षं जुनी अमेझ सीव्हीटी शोधा. तुमच्या ट्रॅफिकला तीच.

घाटवाला: म्हणजे सीव्हीटीच. मी काय म्हणत होतो?

सिन्नरची_स्मिता: +१ सीव्हीटी. अवांतर: कसारा कशाला? जून २०२५ पासून समृद्धी इगतपुरीहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत झाली, आठेक किलोमीटरचा बोगदा आहे, घाट लागतच नाही.

मिसळ_१५: टोलचं पण बोला.

सिन्नरची_स्मिता: टोल परवडत नसेल तर घाट आहेच.

डिझेलभक्त_एमएच१५: समृद्धीवर तर डिझेलच.

नाशिकरोडकर: सर्वांचे आभार. वॅगनआर १.२ एएमटी बुक केली. सासू-सासऱ्यांना मागे बसवून रॅम्पवर नेली, हिल होल्ड आहे, मागे आली नाही. झटका जाणवतो, पण बायको म्हणाली की तुमच्या हातच्या मॅन्युअलपेक्षा कमीच आहे. जुनी अमेझ मला पटली होती, घरात सेकंडहँडचं नाव काढू देत नाहीत.

घाटवाला: पस्तावाल.

ग्रीसचे_हात: नाही पस्तावणार. सिग्नलला थांबलात की न्यूट्रल करा आणि पहिल्या सर्व्हिसला क्रीप (ब्रेक सोडल्यावर गाडीचं हळू सरकणं) नीट चालतंय का ते तपासून घ्या.

चार्जिंगवाली: अभिनंदन! सेक्रेटरीवाला धागा काढलाय, सगळ्यांनी या.