शब्दचर्चा : घरी ओतलेली गोळी ‘अचूक’ असते म्हणजे काय?

प्रश्न (निपाणी) :
रिव्हॉल्वरसाठी घरच्या घरी शिसे वितळवून ओतलेल्या गोळ्यांवरील एका अमेरिकी लेखाचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासण्यासाठी आला आहे. त्यात असे वाक्य आहे : ‘घरी बनवलेली काडतुसे शिशात जस्त मिसळल्यास अधिक अचूक होतात.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, तरीही खटकते. आमच्या भागातील कन्नड वर्तमानपत्रे गोळीलाही ‘गुंडु’ म्हणतात आणि जिवंत काडतुसालाही. मराठीत मात्र गोळी, काडतूस आणि माजी सैनिकांच्या तोंडचा ‘राऊंड’ असे तीन शब्द आहेत. येथे कोणता शब्द घ्यावा, आणि ‘अचूक’ हे विशेषण गोळीला लावावे काय?

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव) :
या एका वाक्यात तीन शब्द चुकीच्या जागी पडले आहेत, आणि त्यांपैकी ‘जस्त’ हा सर्वांत घातक आहे.

प्रथम काडतूस. पोर्तुगीजांकडून आलेल्या या शब्दाचा अर्थ संपूर्ण संच असा आहे : पितळी पुंगळी, तिच्या बुडातील टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घरी साच्यात ओतली जाते ती केवळ गोळी. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो आणि त्याने काही बिघडत नाही. पण जेथे साच्याचा आणि मापाचा विषय आहे तेथे हा भेद पाळलाच पाहिजे. ‘राऊंड’ म्हणजेही पूर्ण काडतूसच. मराठा लाइट इन्फंट्रीमुळे तो शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रुळला आहे, मात्र गोळीसाठी तो चालणार नाही.

आता जस्त. मूळ लेखात बहुधा कथील असावे. शिसे सुमारे 327 अंश सेल्सिअसला वितळते, कथील 232 अंशांना आणि जस्त 420 अंशांना. कथील थोडे मिसळले की रसाचा पृष्ठताण कमी होतो, तो साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतो आणि गोळीच्या कडा रेखीव उठतात. जस्त मिसळले गेले तर नेमके उलटे होते : रस आंबिलीसारखा दाट होतो, साचा नीट भरत नाही, आणि त्या जातीच्या ओतकामाला ते मिश्रण जवळजवळ निकामी ठरते. कन्नडमध्ये कथलाला ‘तवर’, जस्ताला ‘सतु’ आणि शिशाला ‘सीस’ असे वेगवेगळे शब्द आहेत. आपल्याकडेही कथील आणि जस्त हे दोन स्वतंत्र शब्द असताना, ‘टिनचा पत्रा’ आणि ‘जस्ताचा पत्रा’ यांच्या सरमिसळीमुळे लिहिणारे गोंधळतात, याची मला खरोखर खंत वाटते. भांड्यांना कल्हई करतात ती कथलाची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

‘अचूक’विषयी माझे मत असे आहे की गोळी एकटी अचूक नसतेच. रिव्हॉल्वरमध्ये गोळी आधी फिरत्या चक्राच्या घरातून सुटते, घराच्या पुढच्या तोंडातून जाते, मधली बारीक फट ओलांडते आणि मग नळीतील पेचदार खाचांत शिरते. घराचे तोंड नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा अरुंद असेल, तर मऊ शिशाची गोळी तेथेच आवळली जाते, पुढे नळीत सैल पडते, तिच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि नळीच्या आत शिशाचा लेप चढतो. म्हणूनच पॉइंट 357 इंचाच्या नळीसाठी शिशाची गोळी साधारणपणे पॉइंट 358 इंच, म्हणजे केसभर मोठी ठेवतात. शिसे जितके कठीण तितके चांगले, हाही गैरसमज आहे. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता (धातूच्या कठीणपणाचे एक माप) सुमारे 5 असते, तर छापखान्यातील लायनोटाइपच्या मिश्रधातूची, ज्यात 12 टक्के अँटिमनी (शिशाला कठीण करणारे मूलद्रव्य) आणि 4 टक्के कथील असते, 22 च्या आसपास. मंद दाबाच्या काडतुसात इतकी कडक गोळी फुगून नळी बंद करू शकत नाही आणि तीही लेप सोडते.

साचा थंड असताना ओतलेली गोळी हातात घेऊन पाहिली, तर अंगावर सुरकुत्या दिसतात आणि बुडाची कड गोलसर राहिलेली असते. सुरकुत्या एक वेळ चालतील; बुडाची कड मात्र नाही, कारण गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणी वायू बुडाच्या सभोवार समान सुटला नाही, तर गोळी तेथेच कलंडते.

म्हणून वाक्य असे असावे : ‘घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीत थोडे कथील असल्यास ती साच्यात स्वच्छ उतरते, आणि ती नळीच्या मापाला बरोबर बसली तर मारा एकसारखा होतो.’ शिवाय तळटीप अवश्य द्यावी की हा तिकडचा छंद आहे, आणि भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही.

प्रतिसाद (खानापूर) :
‘एकसारखा’ हा शब्द मला पटला, आणि त्याचे कारण पलटणीतील आहे. फायरिंगमध्ये पाचही राऊंड निशाणाच्या डावीकडे, पण एकमेकांना चिकटून बसले, तर उस्ताद ‘ग्रुपिंग चांगले आहे’ असे म्हणतात आणि मग हत्यार झीरो करायला, म्हणजे साइट (नेम धरण्याची खूण) जुळवून घ्यायला, लावतात. म्हणजे गट घट्ट असणे हा हत्याराचा आणि गोळीचा गुण आहे, गट मध्यावर असणे ही साइटची जुळणी आहे, आणि नेम हा माणसाचा असतो. ‘अचूक’ हा शब्द या तिन्हींना एकाच वेळी झाकतो, म्हणून अशा लेखात तो टाळावा किंवा निदान ‘गट घट्ट पडतो’ असे स्पष्ट लिहावे.

पुन्हा प्रश्न (निपाणी) :
दोघांचाही आभारी आहे. शेवटची एक शंका : त्याच अनुवादात ‘38 बोअरचे रिव्हॉल्वर’ असे आहे. आपल्या वर्तमानपत्रांतही ‘32 बोअर’ येते. ते ठेवावे काय?

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव) :
ठेवू नये. ‘बोअर’ हे शिशाच्या गोळ्यांचेच माप आहे, पण ते शिकारी बंदुकीचे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोल गोळ्या केल्या, तर त्यांतील एक ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअरची बंदूक. आकडा वाढला की नळी लहान होते. रिव्हॉल्वरचा आकडा इंचाच्या दशांश अपूर्णांकात असतो, तेथे आकडा वाढला की व्यास वाढतो. ‘पॉइंट 38’ आणि ‘पॉइंट 32’ असे लिहावे. त्यातही ‘पॉइंट 38 स्पेशल’ नावाच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात पॉइंट 357 च्या नळीची असते, आणि 38 हा आकडा जुन्या पुंगळीच्या व्यासावरून आलेला आहे. तेव्हा नाव तसेच ठेवून माप मिलिमीटरमध्ये, सुमारे 9.1 असे, शेजारी द्यावे.