आठवीत शाळा बदलली, अजून एकही मैत्रीण नाही. काय करता येईल?

माहीमकर_नवी
नमस्कार. बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून मुंबईला आलो आणि मुलीला जूनमध्ये दादरच्या शाळेत आठवीत घातलं. तिकडे पूर्ण मराठी माध्यम होतं, इथे सेमी. अभ्यासाचं जमेल, पण वर्गातल्या मुली पहिलीपासून एकत्र आहेत. मधल्या सुट्टीत ही एकटीच बाकावर डबा खाते, नाहीतर वाचनालयात जाऊन बसते. कोणी त्रास देत नाही, पण कोणी बोलावतही नाही. बोलण्याच्या हेलावरून एक-दोघी हसतात. तिचे बाबा स्कूटरवरून सोडतात-आणतात. घरी आली की साताऱ्याच्या मैत्रिणींशी फोन सुरू. "तू स्वतःहून बोल" हे सांगून झालं, उपयोग शून्य. वाढदिवसाला अख्ख्या वर्गाला बोलवावं का?

खडूफळा
ताई, अख्ख्या वर्गाला नको. सगळ्या येतील, केक खातील, आपापल्या घोळक्यात बसतील आणि तुमची लेक स्वतःच्याच घरी पाहुणी होईल. बोलवायचंच तर दोघींना बोलवा, तेही महिनाभराने.

"स्वतःहून बोल" यातून मुलीला काहीच कळत नाही. कुणाशी, कधी, काय बोलायचं? त्यापेक्षा वेळेचा हिशेब मांडा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांचा २०१८चा अभ्यास आहे, नव्या गावी राहायला गेलेल्या मोठ्या माणसांचा आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांचा. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, चांगल्या मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २००हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात, असं त्यात दिसलं. शाळकरी मुलांना हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण अंदाज येतो. मोठी सुट्टी ३० मिनिटं, छोटी १०. पाच दिवसांचे झाले ३ तास २० मिनिटं. रोजची प्रत्येक सुट्टी एकाच मुलीबरोबर घालवली तरी ५० तासांना १५ आठवडे लागतील. शिवाय सुट्टी म्हणजे जुन्या घोळक्यांची हक्काची वेळ, नवख्या मुलीसाठी सगळ्यात अवघड.

आता जाण्या-येण्याचा वेळ बघा. व्हॅनमध्ये एका वेळेला २५ मिनिटं धरली तर आठवड्याचे ४ तासांच्या वर जातात. तिथे त्याच पाच-सहा मुली, शेजारी-शेजारी बसलेल्या, कोणी उठून जाऊ शकत नाही आणि बोलायला विषय आपोआप मिळतात. स्कूटरमुळे तुमच्या लेकीचा नेमका हाच वेळ जातोय. बाबांची माया कळते, पण स्कूटर बंद करा. व्हॅन नको असेल तर त्याच बाजूला चालत किंवा बेस्टने जाणाऱ्या मुली शोधा.

तिसरा_बाक
खडूफळांशी सहमत. वर्गातलं थोडं सांगतो.

घोळक्यात शिरताना "मी येऊ का तुमच्यात?" असं विचारायला लावू नका. त्याला "नाही" म्हणणं फार सोपं असतं. आधी कडेला उभं राहून दोन-तीन मिनिटं नुसतं ऐकायचं, मग चालू विषयातच एक वाक्य टाकायचं. विषय बदलायचा नाही आणि "आमच्या साताऱ्याला ना…" तर पहिला महिनाभर अजिबात नाही. इथे बहुतेक नवी मुलं आपटतात. गावाच्या आठवणीने बोलतात, पण समोरच्याला तो तोरा वाटतो.

कोणता घोळका निवडायचा हेही महत्त्वाचं. वर्गात सगळ्यांची लाडकी असलेल्या मुलीच्या मागे लागू नये, तिच्याकडे जागा नसते. तिघींचा गट शोधा. प्रयोगशाळेत जोड्या लावल्या की तिघींतली एक उरते. "तुझी जोडी नाही ना लागली? चल, मी आहे," हे वाक्य तिथे चपखल बसतं.

हेलावर हसल्या तर रडायचं नाही, भांडायचंही नाही आणि रातोरात बोली बदलायची तर मुळीच गरज नाही. "हो, आमच्याकडं असंच बोलतात. तुझी प्रयोगवही कुठवर आली?" एवढं म्हणून पुढे जायचं. चिडली की त्यांना मजा येते, म्हणून पुन्हा तेच होतं.

डब्यात आठवड्यातून दोनदा वाटता येईल असं काहीतरी द्या. थालीपिठाचे सहा-आठ चौकोनी तुकडे चालतील. उपमा किंवा भात कोणी कोणाच्या डब्यातून घेत नाही. मात्र वेफर्सची पुडकी किंवा चॉकलेटं वाटणं नको, त्या सवयीला मैत्री समजणाऱ्या मुली भेटतात.

पालकसंघ_दादर
वर्गशिक्षिकांना भेटा, पण फाटकापाशी घाईत नको. डायरीत लिहून दहा मिनिटं मागा आणि दोनच गोष्टी सांगा. बाक दर आठवड्याला बदलत असतील तर हिची शेजारीण निदान तीन आठवडे तीच ठेवा, आणि दोघींनी मिळून करायचं एखादं काम द्या, वाचनालयाची पेटी आणणं, तक्ते लावणं असलं काहीतरी. "हिच्याशी सगळ्यांनी मैत्री करा बरं का" असं वर्गात जाहीर करू नका, हेही स्पष्ट सांगा. भल्या हेतूने करतात, पण पोरीवर बिचारीचा शिक्का बसतो. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तसलं आवाहन नको.

एकटीच_बरी
सगळ्यांनाच घोळका लागतो असं नाही हो. वाचनालयात ती आनंदात बसत असेल तर बसू द्या की. एक मैत्रीण पुरते.

माहीमकर_नवी
@एकटीच_बरी, पुस्तकं आवडतात तिला, पण रविवारी रात्री गप्प होते आणि सोमवारी सकाळी पोट दुखतं. आणि शिवाजी पार्कला मल्लखांब लावावा का? समर्थ व्यायाम मंदिर जवळच आहे.

तिसरा_बाक
मग ती आवडीने बसत नाहीये, लपतेय. पोटदुखी सोमवारचीच असेल तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. डबा भरलेला परत येणं, वस्तू हरवणं, शाळेत बाथरूमला जायचं टाळणं, यातलं काही दिसलं तर प्रकरण मैत्रीचं नाही, छळाचं आहे. तेव्हा तारीख, जागा आणि कोण काय बोललं हे लिहून ठेवायचं. आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, पोच घेऊन. तिच्याशी बोलायला कोणी हवं असेल तर शाळेच्या समुपदेशक असतात, शिवाय टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८, दोन्ही मोफत.

मल्लखांब उत्तमच, पण आधी वर्गातली कोणी तिथे जाते का ते विचारा. नाहीतर तास भरतील ते दुसऱ्याच शाळेच्या मुलींबरोबर. तेही वाईट नाही म्हणा, संध्याकाळ बरी जाईल, फक्त मधल्या सुट्टीचा प्रश्न तसाच राहील. सोसायटीत गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम असेल तर तिथेही पाठवा. नाचायचं नसेल तर पडदा, पताका, ध्वनिमुद्रण काहीही. हातात काम असलं की बोलायचं दडपण येत नाही.

साताऱ्याचे फोन बंद करू नका, तोच सध्या तिचा आधार आहे. फक्त वेळ हलवा. संध्याकाळी पाच ते सात खाली खेळायची वेळ, फोन रात्री जेवणानंतर.

माहीमकर_नवी
स्कूटरचं आजच बोलते घरी. पण सत्राच्या मधेच व्हॅनवाले घेतात का?

खडूफळा
जागा असली तर घेतात. पैशांचं विचारण्याआधी आठवीच्या मुली कुठल्या व्हॅनमध्ये आहेत आणि कुठे चढतात ते विचारा. एकाच शाळेच्या दोन-तीन व्हॅन असतात. एखादीत सगळी पहिली-दुसरीची पिल्लं निघाली तर तिथे ताईगिरी करण्यातच वेळ जाईल. आणि सुरुवातीला फक्त परतीची लावा. सकाळी सगळ्या पेंगत असतात, गप्पा होतात त्या शाळा सुटल्यावर.